काट्याला बांधलेला दोरा

गेल्या मे महिन्यात अक्कलकोट रस्त्यालगतच्या एका भंगाराच्या वखारीत मी एक माग मरताना पाहिला. 'मरताना' हा शब्द जरा जास्त होतो, ठाऊक आहे मला. पण ज्या घरात रात्री मागांचा आवाज थांबला की झोप मोडायची, त्या घरात वाढलेल्या माणसाला एवढी सूट असावी. बिडाची चौकट घणाने फोडतात, लोखंडी शाफ्ट गॅसने कापतात, लाकडाचं जे काही निघेल ते भिंतीला टेकवून ठेवतात. वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खलास. बीड वेगळं तोललं, लोखंड वेगळं, कारण दोघांचा भाव वेगळा.

त्या ढिगातून मी एक वस्तू उचलली. वीतभरही नाही. एका टोकाला बारीक दात, दुसऱ्या टोकाला आकडा, आणि मधे एक आडवी खीळ, जिच्यावर ती तराजूच्या दांडीसारखी डुलते. "हे घेऊ का?" म्हटलं. वखारवाला हसला. "घ्या की सर. त्याचं काय वजन करायचं?"

याला इंग्रजी पुस्तकात वेफ्ट फोर्क म्हणतात. आमच्या घरात नुसता काटा.

ज्यांनी धोट्याचा माग कधी जवळून पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आता तसे मागच कमी उरलेत. आडवं सूत पोटात घेऊन धोटा इकडून तिकडे पळतो. तो गेल्यावर मागे राहिलेलं सूत काट्याच्या दातांना टेकतं आणि त्यांना मागे रेटतं. दात मागे गेले की दुसऱ्या टोकाचा आकडा वर उचलला जातो. त्या आकड्याखाली एक हातोडी सारखी पुढे-मागे करत असते. आकडा वर असला तर ती रिकामीच येते-जाते. सूत तुटलं किंवा धोट्यातली कांडी संपली की दातांना रेटायला काही उरत नाही. आकडा खालीच राहतो, हातोडी त्याला धरून ओढते, हँडल सुटतं आणि माग जागच्या जागी उभा. वीज नाही, तार नाही, घंटी नाही. सुताने दर खेपेला येऊन 'आहे' म्हणायचं. ज्या खेपेला म्हटलं नाही, त्या खेपेला माग बंद.

माझे वडील, अण्णा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॉबर होते. माग बसवणं, लावणं, बिघडला की पाना घेऊन त्याच्या पोटात शिरणं, हे त्यांचं काम. त्यांच्या बोलण्यात हा काटा फार यायचा, आणि बहुतेक वेळा चिडून. कारण अर्ध्या मागांचे काटे दोऱ्याने बांधलेले असायचे.

का बांधायचे, त्यालाही कारण होतं. दात झिजले, खीळ सैल झाली, की सूत शाबूत असतानाही काटा माग बंद पाडतो. मजुरी पिसावर, म्हणजे नगावर. एक विणकर दोन-दोन, चार-चार माग सांभाळणार. उगाच थांबणारा माग म्हणजे खिशाला भोक. मग धोट्यातल्याच सुताचा एक तुकडा घ्यायचा, आकड्याच्या मानेला चार वेढे द्यायचे, तो कायमचा वर बांधून टाकायचा. माग आता थांबणारच नाही. लक्ष आपण ठेवायचं.

१९८८ च्या उन्हाळ्यात, बारावीची परीक्षा दिल्यावर, मीही दोन महिने रात्रपाळीला टॉवेलच्या मागावर उभा राहिलो. अण्णांचा कारखाना नव्हे; त्यांनी मुद्दाम दुसरीकडे चिकटवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मी काटा बांधायला शिकलो, चौथ्यात बांधून चहाला जायला शिकलो. एके रात्री परतलो तेव्हा माग झोकात चालला होता. खटाक-खट, खटाक-खट. धोटा रिकामा पळत होता. कापड पुढे सरकत होतं आणि त्यात आडवं सूतच नव्हतं. नुसते उभे धागे, झिरझिरीत, हाताला केसांसारखे लागणारे. दीड हात लांबीचा पट्टा. माझी आठवड्याची मजुरी कापली गेली, ते रास्तच होतं. पण अण्णांना कळल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला. "तू का बांधलास" असं त्यांनी विचारलंच नाही. "बांधायला जागा होती का?" एवढंच म्हणाले. पुढे कित्येक दिवस त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं: असा काटा करता येईल का, की ज्याला दोरा बसूच नये. जमलं नाही त्यांना. बिनधोट्याचे रॅपियर माग आले आणि तो प्रश्नच भंगारात गेला.

हे सगळं पुन्हा वर आलं ते भाचीमुळे. ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात सेमिनार द्यायचा होता, विषय मिळाला 'पुढच्या पिढीच्या अणुभट्ट्या'. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, म्हणजे घरातला अणुशास्त्रज्ञ मीच. "मामा, तुम्ही नुसतं समजावून सांगा, स्लाइड मी करते." मी होकार दिला आणि मग रात्री बसून वाचायला लागलो, कारण बारावीच्या पुस्तकात विखंडनापुढे, म्हणजे अणू फुटण्यापुढे, गाडी जात नाही.

वाचलं ते थोडक्यात असं. २००१ साली अमेरिका, फ्रान्स, जपान, ब्रिटन धरून नऊ देशांनी एक मंडळ स्थापन केलं. पुढे आणखी देश आले. भारत त्यात नाही. आपली वेगळी वाट आहे, त्याबद्दल नंतर. या मंडळाने आधी यंत्रं ठरवली नाहीत, आधी यंत्राकडून काय हवं ते लिहून काढलं. इंधन पुरवून वापरावं आणि कचरा कमी व्हावा. वीज परवडावी. बॉम्बसाठी माल चोरणं किंवा वळवणं अवघड व्हावं. आणि सुरक्षितता. मग २००२ मध्ये 'चौथी पिढी' म्हणून सहा प्रकार निवडले: कुणी सोडियमने थंड होणारा, कुणी शिशाने, कुणी वायूने, कुणी वितळलेल्या मिठाचा. भाचीच्या स्लाइडवर हे सहा रंगीत चौकोनांत छान बसलं.

मी मात्र सुरक्षिततेखालच्या एका ओळीशी अडकलो. त्यांनी लिहिलं होतं की प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर आणीबाणीची तजवीज करण्याची गरजच उरू नये. म्हणजे गावं रिकामी करण्याचे नकाशे, बसगाड्या, आयोडीनच्या गोळ्या, यातलं काही लागूच नये. फुकुशिमानंतर दीड लाखाच्या आसपास माणसांना घरं सोडावी लागली. ही ओळ लिहिली गेली ती त्याच्या आधी. कागदावर लिहायला सोपी आणि निभवायला महाकठीण अशी ओळ. ती वाचताना मला अण्णांचा न जमलेला काटा आठवला.

अणुभट्टीची खरी अडचण ती पेटवण्याची नाही, विझवण्याची आहे. मोटारीचं इंजिन बंद केलं की ते बंद. अणुभट्टीत नियंत्रक दांडे आत टाकले की साखळी प्रक्रिया क्षणात थांबते, पण इंधनात साठलेले विखंडनाचे तुकडे आपापले फुटत राहतात आणि उष्णता देत राहतात. थांबल्याक्षणी ही उष्णता पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या. अर्धा टक्का म्हणजे किती, हे आकड्यानेच कळतं. ३,००० मेगावॉट उष्णतेची भट्टी बंद करून अख्खा दिवस लोटल्यावरही आत पंधरा मेगावॉट धगधगत असतात. चुलीतलं लाकूड ओढून घेतलं तरी निखारे राहतात, त्यावर आई रात्री दुधाचं पातेलं ठेवायची. इथे ते निखारे कुणी ओढून काढू शकत नाही. त्यांच्यावरून पाणी फिरवत राहावं लागतं, दिवसचे दिवस.

आणि पाणी फिरवायला पंप लागतो, पंपाला वीज लागते.

हे सोलापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. उजनीचं पाणी नळाला येतं ते काही दिवसांआड. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटार लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. नेमकी तेव्हा लाईट गेली की सगळी गल्ली बाहेर येते. पण टाकी एकदा भरली, की मग लाईट जावो नाहीतर राहो, स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी येणार. वरून खाली यायला पाण्याला कुणाची परवानगी लागत नाही.

११ मार्च २०११ ला फुकुशिमात काय झालं? भूकंप झाला, भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले. पाऊण-एक तासाने त्सुनामी आली आणि तळघरातल्या जनरेटरांत आणि विजेच्या खोल्यांत समुद्र शिरला. मोटार तळघरात, आणि गच्चीवर टाकी नाही. तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं.

अमेरिकेत तयार झालेल्या एपी-१००० या भट्टीत आता अक्षरशः गच्चीवर टाकी आहे. भट्टीच्या पोलादी कवचावर, इमारतीच्या माथ्यावर, तीस लाख लिटरच्या घरात पाणी. सगळी वीज गेली तर झडपा उघडतात, पाणी कवचावरून ओघळतं, बाहेरची हवा खालून वर जाते, आणि ७२ तास माणसाने काही केलं नाही तरी चालतं. मी ते चित्र भाचीला दाखवलं, तर ती म्हणाली, "मामा, हे तर आपल्या सिंटेक्ससारखं झालं." झालंच. हुशार माणसांना इथवर यायला अर्धं शतक लागलं याचं मला नवल वाटत नाही. साधं सुचायलाच उशीर लागतो.

पण ही झाली तिसऱ्या पिढीची गोष्ट. चौथीवाल्यांना याच्या पुढे जायचंय. टाकीसुद्धा नको, भट्टीने स्वतःच समजून घ्यावं.

स्वतः समजून घेणं म्हणजे काय, हे कळायला १९८६ चा एप्रिल महिना पुरतो. त्या महिन्याच्या ३ तारखेला अमेरिकेत आयडाहोच्या माळरानावर एक छोटी, सोडियमने थंड होणारी प्रायोगिक भट्टी पूर्ण ताकदीवर चालू होती. तिच्या माणसांनी तिची आपोआप बंद होण्याची व्यवस्था मुद्दाम निकामी केली आणि मग सोडियम फिरवणारे पंप बंद केले. म्हणजे काटा बांधला आणि सूत तोडलं. सोडियमचं तापमान भराभर चढलं. इंधन धातूचं होतं. सगळा गाभा तापला, फुगला, सैलावला. सैलावलेल्या गाभ्यातून साखळी पुढे नेणारे न्यूट्रॉन जास्त निसटून जायला लागले, प्रक्रिया मंदावली, आणि काही मिनिटांत भट्टी आपली आपण थंडावली. कुणी बटण दाबलं नाही. त्याच दिवशी दुपारी त्यांनी दुसऱ्या पद्धतीने तिला पुन्हा छळलं, पुन्हा तेच.

बरोबर तेवीस दिवसांनी चेर्नोबिल झालं. तिथेही चाचणीच चालली होती. तिथेही आणीबाणीत पाणी सोडणारी यंत्रणा आधी तोडून ठेवली होती. फरक यंत्राच्या स्वभावात होता. त्या भट्टीत, विशेषतः कमी ताकदीवर, पाण्याची वाफ झाली की प्रक्रिया मंदावण्याऐवजी भडकायची. तापली की अजून तापणार. वर नियंत्रक दांड्यांची टोकं ग्रॅफाइटची. पूर्ण बाहेर ओढलेले दांडे आत येताना आधी क्षणभर प्रक्रिया वाढवायचे, मग कमी करायचे. ब्रेक दाबावा आणि गाडीने आधी उसळी घ्यावी, तसं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी पहिला अहवाल दिला तेव्हा बहुतेक दोष पाळीवरच्या माणसांच्या माथी मारला होता. १९९२ मध्ये त्याच तज्ज्ञगटाने तो अहवाल सुधारला आणि बोट यंत्राच्या रचनेकडे वळवलं. सहा वर्षं लागली. विणकराची मजुरी त्याच आठवड्यात कापली जाते. 'बांधायला जागा होती का' हा प्रश्न यायला वेळ लागतो.

जागा ठेवायचीच नाही, या हट्टातून निघालेली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे वायूने थंड होणाऱ्या भट्टीचं इंधन. चीनच्या शानदोंग प्रांतात अशा दोन भट्ट्यांची २१० मेगावॉटची जोडी २०२३ च्या डिसेंबरपासून व्यापारी तत्त्वावर वीज देते आहे. तिच्यात इंधनाच्या कांड्या नाहीत. चेंडू आहेत, साठ मिलिमीटर व्यासाचे, ग्रॅफाइटचे. एकेका चेंडूत सुमारे बारा हजार कण, आणि कण साधारण राजगिऱ्याएवढा. कणाच्या पोटात युरेनियमचा ठिपका, त्याभोवती कार्बनचे आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर. अधिक समजावायची गरज नाही: तो राजगिऱ्याचा लाडूच आहे, फक्त प्रत्येक दाण्याला स्वतःचं चिलखत. हे चिलखत १,६०० अंशांपर्यंत किरणोत्सारी द्रव्यं आत धरून ठेवतं. आणि भट्टी इतकी विरळ, इतकी उंच-सडपातळ बांधलेली, की थंड करणारा वायू सगळा थांबला तरी उष्णता ग्रॅफाइटमधून, भिंतीतून बाहेर झिरपते आणि तापमान त्या रेषेपर्यंत पोचतच नाही. २०२३ मध्येच त्यांनी चालत्या भट्टीचं शीतकरण तोडून पाहिलं. ती थंड झाली.

इथे ताकदीची किंमत मोजलेली आहे, हे विसरायला नको. एवढ्या थोरल्या कढईत एवढाच रस्सा. त्याच आकाराच्या पाण्याच्या भट्टीतून कितीतरी जास्त वीज निघाली असती. सुरक्षितता फुकट आलेली नाही, ती जागा अडवून बसली आहे.

आपल्याकडे निसर्गाने हात दिल्याचं उदाहरण आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. ३१ मार्च १९९३, पहाटे साडेतीन, उत्तर प्रदेशातलं नरोरा. टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलांवरून धावली आणि सगळी वीज गेली. सतरा तास. नियंत्रण कक्षात धूर. भट्टी बंद झाली होती, पण निखारे होतेच. माणसं टॉर्च घेऊन अंधारात वर चढली आणि भट्टीत न्यूट्रॉन गिळणारं बोरॉनचं द्रावण सोडलं; आग विझवायच्या डिझेल पंपांनी वाफेच्या पात्रांत पाणी घातलं. आणि भट्टीच्या आतलं जड पाणी मात्र कुणी फिरवत नव्हतं. ते तापून वर चढत होतं, थंड होऊन खाली उतरत होतं, आपोआप, पंपाशिवाय. रचनाच तशी होती: वाफेची पात्रं गाभ्याच्या वर. मला त्या टॉर्चवाल्या माणसांबद्दल आदर वाटतोच, पण त्या कुणा रचनाकाराबद्दलही वाटतो ज्याने ती पात्रं वर ठेवली. काकरापारच्या नव्या ७०० मेगावॉटच्या भट्ट्यांत हाच धागा पुढे नेलाय. उरलेली उष्णता पंपाशिवाय काढण्याची व्यवस्था त्यांत आहे.

एवढं सगळं मी भाचीला सांगितलं आणि ती खूश झाली. स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'निसर्ग कधी फेल होत नाही'. ते मी खोडायला लावलं.

कारण फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीत पंपाशिवाय चालणारी टाकी होती! वर म्हटलं की गच्चीवर टाकी नाही, ते अर्धंच खरं. भट्टीच्या वाफेला थंड करून तिचं पाणी पुन्हा खाली आणणारी पात्रं वरच्या मजल्यावर होती. पण त्या वाटेवर झडपा होत्या. पूर आला, नियंत्रणाची वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे कुठेतरी नळी फुटली असावी असं समजून झडपांनी वाट बंद केली. रचनाच तशी. नियंत्रण कक्षात दिवे नाहीत, झडप उघडी की मिटलेली कळेना. इमारतीच्या बाजूने वाफ निघतेय का, हे बघून माणसं अंदाज बांधत होती. पाणी वरून खाली येतं हे खरंच, पण मधे तोटी असेल तर तोटी कुठल्या बाजूला पडते तेही बघावं लागतं.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या भट्टीतही असंच. २८ मार्च १९७९. दाब कमी करायची झडप उघडी अडकली होती आणि तिच्यातून भट्टीचं पाणी निघून चाललं होतं. पॅनलवरचा दिवा मात्र झडप मिटल्याचं सांगत होता. दिवा खोटा नव्हता. 'मिट' असा हुकूम गेला, एवढंच तो सांगत होता. हुकूम पाळला गेला का, ते त्याला ठाऊकच नव्हतं. दोन तासांहून जास्त वेळ माणसं त्या दिव्यावर विसंबून होती. हे वाचलं तेव्हा मी टेबलावरचा काटा उचलून हातात घेतला. काटा सुतालाच हात लावतो. धोटा निघाला का, कांडी भरली होती का, विणकर काय म्हणतो, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. सूत आहे की नाही?

सोडियमचंही तसंच. आपल्या कल्पाक्कमची ५०० मेगावॉटची फास्ट ब्रीडर, म्हणजे जाळते त्याहून जास्त इंधन तयार करणारी भट्टी, सोडियमवर आहे, आणि आपल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमाचं ते मधलं दार आहे: आधी साध्या युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या, मग त्यांच्या राखेतल्या प्लुटोनियमवर ब्रीडर, आणि शेवटी केरळ-तामिळनाडू-ओडिशाच्या वाळूतलं थोरियम. होमी भाभांनी १९५० च्या दशकात आखलेली वाट. इंधन पुरवणं, कचरा कमी करणं हे चौथ्या पिढीचं उद्दिष्ट आपल्याला त्या मंडळाने शिकवायची गरज नव्हती. युरेनियम थोडं असलेल्या घरात ते आपोआप सुचतं. सोडियम उष्णता झकास वाहतो, ८८३ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून दाबाखाली ठेवावा लागत नाही. पण पाण्याशी आणि हवेशी त्याचं हाडवैर. १९९५ च्या डिसेंबरात जपानच्या मोंजू भट्टीत तापमापकाच्या नळीपाशी गळती झाली, सोडियम पेटला, आणि ती भट्टी त्यातून पुढे कधी नीट उभीच राहिली नाही. माणूस एकही दगावला नव्हता. पण आधी लपवाछपवी झाली, आणि विश्वास गेला तो गेलाच.

आणि पैसा. ज्या एपी-१००० च्या टाकीचं मी इतकं कौतुक केलं, तिच्या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या दोन भट्ट्या सात वर्षं उशिरा, २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाल्या. १४ अब्ज डॉलरचा अंदाज ३० अब्जांच्या वर गेला. आपल्या जैतापूरला ज्या फ्रेंच भट्ट्या आणायचं ठरलं, त्याच जातीची फिनलंडमधली, २००५ ला बांधायला घेतलेली भट्टी २०२३ ला नियमित चालू झाली. म्हणून आता छोट्या, कारखान्यात घडवून जागेवर जोडायच्या भट्ट्यांचं वारं आहे. आपल्याही २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी २०,००० कोटींची तरतूद झाली, २०३३ पर्यंत निदान पाच चालू करायच्या. माझे एक कारखानदार मित्र यावर म्हणाले, "रॅपियर आला तेव्हा आम्हालाबी असंच सांगितलं होतं, कंटेनरमधून उतरव, वायर लाव, चालू. हप्ते कुणी सांगितले नाहीत." शंका रास्त आहे. अमेरिकेतला असा पहिला मोठा प्रकल्प २०२३ मध्ये खर्च वाढल्यामुळेच गुंडाळला गेला.

मला वैयक्तिक विचाराल तर सोलापूरकर म्हणून माझा पहिला प्रश्न पाण्याचा आहे. फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात १,३२० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र उभं आहे आणि तेही उजनीचंच पाणी पितं. आजच्या अणुभट्ट्या उष्णतेचा तिसरा हिस्सा विजेत उतरवतात, बाकीचे दोन हिस्से पाण्यात नाहीतर हवेत सोडावे लागतात. जास्त तापमानावर चालणाऱ्या नव्या भट्ट्यांत हा हिशेब सुधारतो. कुणी आमच्याकडे भट्टी आणा म्हणत नाहीये, पण उद्दिष्टांच्या यादीत एखादी ओळ 'पाणी कमी प्यावं' अशी ठळक असती तर मला बरं वाटलं असतं.

सेमिनारच्या आदल्या संध्याकाळी भाची घरी आली. शेंगाचटणी, कडक भाकरी, दही, असं जेवण झालं. काटा कसा चालतो ते तिला वर्गात दाखवायचं होतं, म्हणून मी तो तिच्या हातात दिला. ती इंजिनिअर होणार आहे, तिने तो आधी नाकाशी नेला, मग दिव्याखाली धरला.

"मामा, इथे मानेपाशी काय साचलंय?"

"ग्रीस असेल. आणि सूतकणी."

तिने नखाने खरवडलं. काळ्या चिकट थराखाली आधी पिवळट, मग पांढरं काहीतरी दिसायला लागलं. वेढे होते. मोजून चार. वर एक गाठ, तुटलेलं सूत सांधायला मारतात ती. ओढावी तितकी घट्ट होणारी.

"कुणीतरी बांधून ठेवलाय हा," ती म्हणाली. "ब्लेड आहे का? उद्या दाखवायचाय, हलला पाहिजे."

मी आत गेलो आणि कपाटातल्या खणात बराच वेळ ब्लेड शोधत राहिलो.